त्रिएरेसचे अवयव : अथेन्सच्या वल्ह्यांच्या युद्धनौकेतली नावे आणि त्यांची कामे

खाडीकाठचा

सालामिसची लढाई (इ.स.पू. ४८०) शाळेच्या पुस्तकामुळे बहुतेकांना ठाऊक असते. ती ज्या जहाजांनी जिंकली त्यांच्या पोटात काय होते, हे मात्र मराठीत नीट वाचायला मिळत नाही. ‘तीन मजली वल्ह्यांची नौका’ एवढ्यावर विषय आटोपतो. मी सध्या अथेन्सच्या त्रिएरेसचे लाकडी मॉडेल करतो आहे, १:३६ मापाचे. त्याच्या शेजारी लावायच्या तक्त्यासाठी एकेका भागाचे नाव, जागा आणि काम लिहून काढले, तेच इथे मांडतो. जाणकारांनी भर घालावी.

आधी ही नावे आपल्याला कळली कशी ते सांगतो, कारण ती गोष्ट मला फार आवडते. १८३४ मध्ये अथेन्सच्या पिरिअस बंदरात काही संगमरवरी शिळा सापडल्या. इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्सच्या गोदीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचे हिशेब त्यांच्यावर कोरलेले होते. आउगुस्ट ब्योक या जर्मन विद्वानाने ते १८४० मध्ये छापले. जहाजाचे नाव, ते कोणत्या त्रिएरार्खाकडे दिले (त्रिएरार्ख म्हणजे वर्षभर जहाजाचा खर्च उचलणारा आणि त्याचे नेतृत्व करणारा श्रीमंत नागरिक), त्याने काय सामान नेले, काय परत आणले, किती येणे बाकी. वल्ही तपासून नापास केली असतील तर तेही लिहिलेले. एवढ्या काटेकोर लोकांनी लिहून ठेवले म्हणून आज आपण त्या जहाजातल्या दोरांची आणि पडद्यांचीही नावे घेऊ शकतो.

या हिशेबांत सामानाचे दोन गट आहेत. लाकडी सामानात वल्ही, सुकाणूची दोन मोठी वल्ही, शिड्या, ढकलायच्या लांब काठ्या, डोलकाठ्या आणि शिडाच्या आडव्या काठ्या. टांगायच्या सामानात शीड, दोर, नांगर, पडदे आणि ‘हिपोझोमा’ नावाचे जाड दोरखंड. हिपोझोमाबद्दल पुढे लिहितो, ती या जहाजातली सगळ्यात विलक्षण वस्तू आहे असे माझे मत आहे.

आता पुढून मागे जाऊ.

सगळ्यात पुढे, पाण्याच्या पातळीवर, एम्बोलोस. लाकडी नाळेवर (जहाजाच्या पुढच्या निमुळत्या भागावर) चढवलेले ब्राँझचे ओतीव टोक. हे भाल्यासारखे अणकुचीदार नसते. पुढून पाहिले तर उभ्या कण्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन आडव्या पात्या दिसतात. कारण सरळ आहे. त्या काळची जहाजे फळीला फळी खाचा आणि खुंट्यांनी सांधून बांधत. बोथट पण जबर धक्का बसला की फळ्या सांध्यांत उकलतात आणि लांब भेग पडून पाणी आत येते. टोक अणकुचीदार असते तर ते समोरच्या जहाजात रुतून बसले असते आणि धडक मारणाराही अडकला असता. धडकेनंतर लगेच उलटी वल्ही मारून मागे सुटणे हा या लढाईचा अर्धा भाग होता. एम्बोलोसच्या वर एक दुसरे छोटे टोक असे, प्रोएम्बोलियोन. पहिले टोक फार खोल जाऊ नये, वरच्या बांधणीने आधी अडवावे, यासाठी ते उपयोगी पडे.

नाळेच्या दोन्ही बाजूंना संगमरवराचे डोळे. पिरिअसच्या झेआ बंदरात असे खरे डोळे सापडले आहेत.

डोळ्यांच्या मागे, दोन्ही अंगांना बाहेर आलेल्या जाड तुळया म्हणजे एपोतिदेस, जहाजाचे कान. त्यांच्या मागून जहाजाच्या दोन्ही कडांना लांबलचक चौकट सुरू होते, तिचे नाव पारेक्सेइरेसिया. जहाजाच्या अंगापासून बाहेर काढलेल्या या चौकटीवर सर्वांत वरच्या रांगेची वल्ही टेकत. ही चौकट नीट समजली की ‘तीन मजली’ हा गैरसमज आपोआप गळून पडतो.

कारण त्रिएरेसला तीन मजले नव्हतेच. माणसे तीन पातळ्यांवर, पण एकमेकांत गुंफून बसवलेली. सर्वांत खाली जहाजाच्या पोटात (थलामोस) बसणारे थलामितेस, एका बाजूला २७, दोन्ही मिळून ५४. त्यांच्या वर, जहाजाच्या आडव्या तुळयांच्या (झिगोन) पातळीवर झिगितेस, तेही ५४. सर्वांत वर आणि थोडे बाहेर थ्रानितेस, एका बाजूला ३१, एकूण ६२. बेरीज १७०. एका माणसाला एक वल्हे. शिवाय ३० राखीव वल्ही, म्हणजे हिशेबात एका जहाजाची वल्ही बरोबर २००.

वल्ह्याची लांबी सुमारे ४ ते ४.२ मीटर. तिन्ही रांगांची वल्ही साधारण एकाच मापाची, कारण वरच्या माणसाचा टेकू पारेक्सेइरेसियामुळे बाहेर सरकलेला असतो. चौकट नसती तर वरच्या रांगेला फारच लांब आणि जड वल्हे लागले असते आणि मग तिन्ही रांगा एका तालात ओढल्याच गेल्या नसत्या.

वल्हे ज्या खुंटीला टेकते ती स्काल्मोस. वल्हे खुंटीला बांधून ठेवणारा चामडी पट्टा त्रोपोतेर. थलामितेसची वल्ही जहाजाच्या अंगातल्या भोकांतून बाहेर जात आणि ती भोके पाण्यापासून जेमतेम हात-दीड हात वर. लाट आली की पाणी आत. म्हणून प्रत्येक भोकाला वल्ह्याभोवती चामड्याची बाही शिवून बसवत, तिचे नाव आस्कोमा.

वर कातास्त्रोमा, म्हणजे वरचे पाटण, जिथे चिलखती सैनिक आणि धनुर्धारी. बाजूंना पारारिमाता, म्हणजे पडदे. काही पांढऱ्या कापडाचे, काही केसांच्या जाड विणीचे. बाण आणि उडणारे पाणी दोन्ही अडवायला.

मागे, दोन्ही अंगांना एकेक पेदालियोन, सुकाणूचे मोठे वल्हे. जहाजाच्या मधोमध मागे बसवलेले एकच सुकाणू तेव्हा नव्हते. आणि सर्वांत शेवटी, वर वळून आत झुकलेले आफ्लास्तोन, पिछाडीचे पंखासारखे शिल्प.

दोन डोलकाठ्या होत्या, एक मोठी आणि एक ‘होडीची’ म्हणून ओळखली जाणारी लहान. लढाईला निघताना मोठे शीड शक्यतो किनाऱ्यावरच ठेवून जात.

---

अपरान्त

फार छान. एक विचारायचे होते. चित्रपटांत साखळदंडांनी बांधलेले गुलाम, ढोल वाजवणारा माणूस आणि चाबूक दिसतो. ते अथेन्सचेच का?

---

मनवा

नाही. अथेन्सच्या जहाजांवर मुख्यतः गरीब नागरिक (थेतेस), शहरात राहणारे परदेशी आणि पगारी खलाशी वल्ही मारत. इ.स.पू. ४१५ मध्ये सिसिलीच्या मोहिमेवर निघालेल्या खलाशांना दिवसाला एक द्राख्मा मिळत होता. ‘पारालोस’ या सरकारी जहाजावर तर सगळे स्वतंत्र अथेन्सवासीच होते. अडचणीच्या वेळी गुलामांनाही घेतले, अर्गिनुसाईच्या लढाईत (इ.स.पू. ४०६) ते झाले, पण त्यांना नंतर मुक्त केले. साखळदंड आणि बाकड्याला जखडलेले कैदी ही भूमध्य समुद्रातल्या १६व्या-१७व्या शतकातल्या गॅलींची गोष्ट. तिथे एका अजस्र वल्ह्याला चार-पाच माणसे जुंपत. त्यांच्यापैकी एकाला कौशल्य असले तरी बाकीच्यांनी नुसते बळ लावून चालत होते. त्रिएरेसमध्ये १७० जणांपैकी एकाचे वल्हे चुकले तर शेजारच्याचे अडते. तिथे बळजबरीने आणलेली माणसे काय कामाची?

ढोलाऐवजी तिथे आउलेतेस म्हणजे पावा वाजवणारा असे. हुकूम देणारा केलेउस्तेस. सुकाणू धरणारा किबेर्नेतेस. नाळेवर उभा राहून पुढचे पाहणारा प्रोरेउस. शिवाय जहाजावरच एक सुतारही असे. १७० वल्हेकरी, १० चिलखती सैनिक, ४ धनुर्धारी आणि उरलेले अधिकारी-खलाशी मिळून २००.

‘एका माणसाला एक वल्हे’ हे तर ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस अगदी अनवधानाने सांगून जातो. इ.स.पू. ४२९ मध्ये पेलोपोनेसच्या लोकांनी (अथेन्सचे शत्रू, स्पार्टा आणि तिचे साथीदार) पिरिअसवर अचानक हल्ला करायचे ठरवले. त्यांची ४० जहाजे मेगाराच्या बंदरात पडून होती. म्हणून करिंथहून प्रत्येक खलाशी आपले वल्हे, आपली बसायची गादी आणि आपला त्रोपोतेर घेऊन संयोगभूमी पायी ओलांडून गेला. बसायची गादी (हिपेरेसियोन) खाडीकाठच्यांच्या यादीत नाही, ती घालाच. वल्हेकरी पायांनी रेटून मागे सरकत असेल आणि गादी त्यासाठी असेल, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. मला तितकेसे पटत नाही. लाकडावर तासन्‌तास बसायचे तर गादी लागणारच.

---

दर्यासारंग

जहाजबांधणीत आयुष्य गेले म्हणून हिपोझोमाबद्दल लिहितो. खाडीकाठच्यांनी त्याला विलक्षण म्हटले ते अगदी योग्य आहे.

जहाज लांबट आणि अरुंद असले की लाटांवर ते वाकते. मधल्या भागाखाली लाटेचा माथा आला की दोन्ही टोके खाली झुकतात. त्रिएरेसमध्ये तर टोके निमुळती, पाण्याचा आधार तिथे कमी, आणि एका टोकाला ब्राँझचे वजन. त्यामुळे स्थिर पाण्यातही टोके खाली ओघळण्याकडे कल. लाकडाचे सांधे हळूहळू सैल होत जातात आणि वरच्या फळ्या ताणल्या जातात.

हिपोझोमा म्हणजे नाळेपासून पिछाडीपर्यंत जहाजाच्या आतून, वल्हेकऱ्यांच्या मधून ओढून घेतलेला दोरखंड. बाजेचे सैल झालेले सुंभ काठी घालून पिळत पिळत ताणतात, तसा तो ताणायचा. ताणला की दोन्ही टोके एकमेकांकडे ओढली जातात आणि वरच्या फळ्यांवर पडणारा ताण दोर घेतो. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी जहाजाच्या कण्याला ताणलेल्या दोराची साथ दिली, हे मला आजही थक्क करते. आज आपण काँक्रीटच्या तुळईत ताणलेल्या तारा घालतो, त्यामागचा विचार हाच.

काही जुन्या पुस्तकांत हिपोझोमा जहाजाला बाहेरून, पट्ट्यासारखा गुंडाळलेला दाखवतात. तसा दोर फळ्या आवळून धरेल, पण वाकणे थांबवणार नाही. मॉडेलमध्ये आतून, लांबीच्या दिशेनेच घ्यावा. हिशेबांत एका जहाजाला एकाहून जास्त हिपोझोमा असत आणि लांबच्या मोहिमेला निघताना जादा नेत, म्हणजे हा नेहमी झिजणारा माल होता.

---

खाडीकाठचा

दर्यासारंगकाका, आतूनच घेतो आहे. पण प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या शेवटी विश्वाला बांधून ठेवणाऱ्या प्रकाशाला त्रिएरेसच्या हिपोझोमाची उपमा दिली आहे, आणि तिथे तो प्रकाश सगळ्या भ्रमणाला एकत्र धरून ठेवतो असे शब्द आहेत. बाहेरून गुंडाळलेला दोर मानणाऱ्यांचा हाच आधार असतो. त्याचे काय करायचे?

---

दर्यासारंग

दोन टोके ओढून धरली तरी सगळे एकत्रच धरले जाते. प्लेटोचे वाक्य दोन्ही अर्थांना चालते. मी भौतिक कारणाच्या बाजूने राहीन. शिवाय पाण्यात चालणाऱ्या जहाजाच्या बाहेर दोर गुंडाळला तर वेग किती घटेल? त्रिएरेसचे सगळे शस्त्र म्हणजे तिचा वेग. असे जहाज बांधणारे लोक तळाखालून दोर ओढत घेऊन जाणार नाहीत.

---

वाऱ्यावरची वरात

दोघांचेही वाचते आहे, खूप शिकायला मिळते आहे. एक साधी शंका. खालच्या थलामितेसना बाहेरचे काहीच दिसत नसेल ना? मग ते तालात कसे राहत?

---

मनवा

दिसत नव्हतेच. आपल्या वल्ह्याचे पातेही दिसत नसे. १९८७ मध्ये ग्रीसमध्ये ‘ओलिम्पियास’ नावाची त्रिएरेस पुन्हा बांधली गेली. इतिहासकार जॉन मॉरिसन यांचे संशोधन आणि जहाजाचे आराखडे करणारे जॉन कोट्स यांची रचना. पहिल्या चाचण्या पोरोस बेटाजवळ १९८७ मध्ये झाल्या आणि त्या १९९४ पर्यंत अधूनमधून चालू होत्या. १७० स्वयंसेवक वल्ही मारायला. तिथे नेमकी हीच अडचण आली. एका माणसाचा आवाज जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचत नव्हता. वल्ह्यांचा आवाज, पाण्याचा आवाज, १७० माणसांचे श्वास. सगळ्यांनी मिळून गुणगुणायला सुरुवात केली की ताल टिकतो, असे त्यांच्या लक्षात आले. अ‍ॅरिस्टोफनिसच्या ‘बेडूक’ नाटकात वल्हेकऱ्यांचा ‘रिप्पापाय’ असा घोष येतो, त्याचा अर्थ या चाचण्यांनंतर जास्त कळतो. आणि त्याच नाटकात वरच्या माणसाने खालच्या थलामितेसच्या तोंडावर वारा सोडण्याचा विनोद आहे. म्हणजे प्रेक्षकांतल्या निम्म्या जणांना ती जागा स्वतः बसून माहीत होती.

ओलिम्पियास थोड्या वेळासाठी ९ नॉट वेगाने गेली. अडीच जहाज-लांबीच्या आत, एका मिनिटात, १८० अंशांत वळली. हे आकडे वाचले की प्राचीन लेखकांनी वर्णन केलेले डाव, म्हणजे शत्रूच्या रांगेतून घुसून मागे वळायचे (दिएक्प्लूस) किंवा वळसा घालून कुशीत धडक द्यायची (पेरिप्लूस), हे शक्य वाटू लागतात.

---

दर्यासारंग

ओलिम्पियासवर हिपोझोमासाठी पोलादी तार वापरावी लागली. लाटेवर जहाज वाकले की पोलादी तारेवरचा ताण एकदम वाढे आणि कमी होई, कारण तार ताणली जात नाही. नैसर्गिक धाग्याचा दोर स्वतः थोडा ताणला जातो, म्हणून ओढ बऱ्यापैकी सारखी राहते. तार तुटली तर माणसांना इजा होईल म्हणून संरक्षणाची व्यवस्था करावी लागली. म्हणजे इथे जुना माल नव्यापेक्षा सरस होता.

---

शिवराम खलाशी

मी विजयदुर्गाकडचा. आमच्याकडे आंग्र्यांच्या आरमाराच्या गोष्टी ऐकतच मोठे झालो, म्हणून या धाग्यात लिहायचा मोह आवरत नाही. आपल्या गलबतालाही वल्ही होती हे किती जणांना माहीत आहे? अठराव्या शतकातल्या इंग्रज लेखकांनी वर्णन केले आहे की मराठ्यांची गलबते क्वचितच ७० टनांच्या वर, दोन डोलकाठ्यांची, ४०-५० दणकट वल्ह्यांची, आणि ताशी चार मैल वल्हवली जाणारी. गुराब ही त्यांच्याहून मोठी युद्धनौका. तिची नाळ भूमध्यातल्या गॅलीसारखी लांब पुढे आलेली, असेही त्याच वर्णनात आहे. वारा पडला की गलबते गुराबेला दोर लावून ओढत नेत आणि गुराबेच्या पुढच्या तोफा शत्रूच्या पिछाडीवर रोखत. नाळेतून तोफा डागायच्या म्हणून ती नाळ. धडक द्यायला नाही.

खाडीकाठच्यांना विचारतो, त्रिएरेसच्या नाळेतला आणि आपल्या गुराबेतला हा फरक तक्त्यात टाकता येईल का?

---

खाडीकाठचा

शिवरामदादा, माहिती अनमोल आहे. तक्त्यात मात्र टाकणार नाही. मॉडेल पाचव्या-चौथ्या शतकातल्या अथेन्सचे आहे, आणि त्रिएरेस ते गुराब यांच्यात दोन हजार वर्षांचे अंतर. वल्ही दोन्हीकडे आहेत, पण युद्धाची पद्धत पूर्ण वेगळी. एका तक्त्यावर घेतले की पाहणाऱ्याला वाटेल एकातून दुसरे आले. गलबतावर तुम्ही स्वतंत्र धागा काढा, मी पहिला वाचक असेन.

---

शिवराम खलाशी

पटले. काढतो.

---

मनवा

एपोतिदेसबद्दल कुणीच बोलले नाही म्हणून लिहिते. हे ‘कान’ पाहिले तर फक्त दोन तुळया आहेत, पण अथेन्सच्या सिसिली मोहिमेचा शेवट त्यांच्यावर ठरला म्हटले तर ती अतिशयोक्ती नाही.

अथेन्सचे कौशल्य मोकळ्या पाण्यात होते, कुशीत धडक मारण्यात. इ.स.पू. ४१३ मध्ये अथेन्सच्या शत्रूपक्षातल्या करिंथच्या लोकांनी आपल्या जहाजांचे एपोतिदेस जाड करून घेतले आणि एरिनिऑसपाशी अथेन्सच्या जहाजांशी समोरासमोर धडक घेतली. नाळेला नाळ लागली की करिंथच्या जाड कानांनी अथेन्सच्या जहाजांची पारेक्सेइरेसिया चिरडली. अथेन्सची सात जहाजे निकामी झाली. वर बसलेल्या थ्रानितेसची वल्ही त्या चौकटीवरच टेकलेली. चौकट गेली की जहाज लंगडे.

अथेन्सने सिसिलीत ज्या शहरावर चढाई केली होती, त्या सिराक्यूजच्या लोकांनी तोच धडा घेतला. नाळ आखूड केली, एपोतिदेस जाड केले, आणि आतून-बाहेरून आधाराच्या तुळया दिल्या. सिराक्यूजच्या मोठ्या बंदरात जागा अपुरी, वळायला वाव नाही, समोरासमोर धडक हीच एक पद्धत शक्य. अथेन्सची हलकी, वेगवान जहाजे तिथे फसली आणि पूर्ण मोहीम बुडाली. थुसिडिडीसच्या सातव्या भागात हे सगळे तपशिलाने आहे.

म्हणून खाडीकाठचा, तुमच्या मॉडेलमध्ये एपोतिदेस बारीक ठेवा. अथेन्सची त्रिएरेस दाखवायची तर तिची दुर्बलताही तिच्या अंगावर दिसली पाहिजे.

---

अपरान्त

हे वाचून अंगावर काटा आला. लाकडाची दोन टोके जाड केली आणि साम्राज्य गेले.

थलामितेसच्या भोकांबद्दल एक मला आठवते, ग्रीक इतिहासकार हिरोडोटसमध्ये आहे ते. इराण्यांच्या नाक्सोस मोहिमेत मेगाबातेस नावाच्या सेनापतीला एका जहाजावर पहारा दिसला नाही. त्याने त्या जहाजाच्या कप्तानाला, स्किलाक्सला, वल्ह्याच्या भोकातून डोके बाहेर आणि धड आत असे बांधून ठेवले. त्यातून भांडण झाले आणि मोहीम फसली. म्हणजे ते भोक माणसाचे डोके जाण्याएवढे मोठे होते. मग आस्कोमाचे महत्त्व केवढे असेल!

---

वाऱ्यावरची वरात

अपरान्त, ही गोष्ट मी मुलांना सांगणार आहे. आणि आफ्लास्तोनबद्दल कुणाला काही? तक्त्यात ते फक्त शोभेचे वाटते.

---

मनवा

शोभेचे होते, पण ते जिंकून आणायचे असे. मॅरेथॉनच्या लढाईत (इ.स.पू. ४९०) इराणी जहाजे किनाऱ्यावरून निसटत होती तेव्हा किनेगेइरोस नावाच्या अथेन्सवासीने एका जहाजाचे आफ्लास्तोन हाताने पकडले आणि कुऱ्हाडीने त्याचा हात तोडला गेला. तो त्यातच मेला. नाटककार एस्किलसचा हा भाऊ. जहाज किनाऱ्यावर ओढताना पिछाडी जमिनीकडे असे, म्हणून पळणाऱ्या जहाजाचा माणसाच्या हाताला लागणारा भाग तोच. सालामिसनंतर लुटीतून डेल्फीला एक पुतळा अर्पण केला, त्याच्या हातात जहाजाच्या टोकाचे शिल्प होते. रोमन लोकांनी हेच नाळेच्या टोकांबाबत केले. इ.स.पू. ३३८ मध्ये आंतियम या शहराकडून जिंकलेल्या जहाजांची ब्राँझची टोके रोमच्या चौकातल्या भाषणाच्या व्यासपीठावर बसवली. लॅटिनमध्ये त्या टोकाला ‘रोस्त्रम’ म्हणत, आणि व्यासपीठाचे नावच ‘रोस्त्रा’ झाले.

---

दर्यासारंग

आता मापांचा मुद्दा, कारण त्याबद्दल माझे आणि बऱ्याच जणांचे एकमत नाही. ओलिम्पियास ३६.९ मीटर लांब, ५.५ मीटर रुंद. हे माप आले झेआ बंदरातल्या जहाजघरांवरून. १८८५ मध्ये ती उकरली गेली. उतरत्या धक्क्यावरची, छपराखालची लांबच लांब घरे, एकेका घराची कोरड्या जमिनीवरची लांबी सुमारे ३७ मीटर आणि रुंदी जेमतेम ६ मीटर. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात अथेन्सकडे पिरिअसच्या तीन बंदरांत मिळून अशी ३७२ घरे होती : झेआत १९६, मुनिखियात ८२, कांथारोसमध्ये ९४.

पण ओलिम्पियासमध्ये दोन वल्हेकऱ्यांमधले अंतर ०.८८८ मीटर ठेवले गेले आणि उंच लोकांना त्यात पुरेसे लांब ओढताच येत नव्हते. कोट्स यांनीच पुढे ते ०.९८ मीटर असायला हवे असे सुचवले. म्हणजे जहाज थोडे आणखी लांब होते. जहाजघरात ते मावते का, हा प्रश्न उरतो.

शिवाय सिसिलीच्या पश्चिमेला एगादी बेटांजवळ, इ.स.पू. २४१ मध्ये रोमने कार्थेजला हरवले त्या ठिकाणी, समुद्राच्या तळाशी वीसहून जास्त ब्राँझची टोके सापडली आहेत. १९८० मध्ये इस्रायलच्या अथ्लित किनाऱ्याजवळ मिळालेले टोक २.२६ मीटर लांब आणि ४६५ किलो वजनाचे. एगादीची त्याच्या मानाने बरीच लहान. ती त्रिएरेसचीच असतील तर ती जहाजे ओलिम्पियासहून लहान होती.

---

खाडीकाठचा

एगादीची टोके दोनशे वर्षांनंतरची, रोम-कार्थेजची. अथेन्सच्या जहाजासाठी मी झेआच्या जहाजघरांवरच विसंबेन. ती जागा प्रत्यक्ष त्याच जहाजांसाठी बांधलेली होती. १:३६ मापात मॉडेलची लांबी एक मीटरच्या आसपास येते आणि वल्ही साधारण ११.५ सेंटिमीटर. ३० राखीव वल्ही कुठे ठेवत हे मला पक्के सापडत नाही, म्हणून ती वेगळी मांडून ठेवणार.

मनवाताईंनी सुचवल्याप्रमाणे एपोतिदेस बारीकच ठेवतो. डाव्या बाजूचे पारारिमाता आणि कातास्त्रोमाचा तेवढा तुकडा कापून घेतो, म्हणजे तिन्ही रांगा आणि मधून जाणारा हिपोझोमा आतून दिसेल. आस्कोमासाठी पातळ चामडे लागेल, जुन्या हातमोज्याचे चालेल का?

---

दर्यासारंग

हातमोज्याचे चालेल, पण शेळीच्या कातड्याचे असेल तर उत्तम, ते ओले करून वल्ह्याभोवती ओढून बसवता येते. वाळले की घट्ट बसते. आधी एका वल्ह्यावर करून बघा, मगच ५४ शिवायला घ्या.

---

वाऱ्यावरची वरात

तयार होत जाईल तसे फोटो टाकाल ना इथेच? हिपोझोमा ताणताना काढलेला एक तरी हवा.

---

खाडीकाठचा

टाकतो. सांगाडा उभा झाला आहे, झिगोनच्या तुळया बसवायच्या आहेत. एक अजून : हिशेबांत टांगायचे सामान ज्या कोठारात ठेवल्याचे येते, त्या फिलोनच्या कोठाराचा बांधकामाचा करारही दगडावर कोरलेला सापडला आहे. ४०० फूट लांब, ५५ फूट रुंद, झेआ बंदरालगत. इ.स.पू. ८६ मध्ये रोमन सेनापती सुल्लाने पिरिअस घेतले तेव्हा ते जाळले गेले. त्या कोठाराचा आराखडा कुणाकडे असेल तर कृपया इथे लावा, मॉडेलच्या मागच्या भिंतीवर मला तोही काढायचा आहे.